दामाजींचे कोठार आणि जतचे पाणी

वाचक माउली,

ज्येष्ठ सरत आला की कर्नाटकातून पंढरीकडे निघालेल्या दिंड्या आमच्या जत तालुक्यातून जाऊ लागतात. रस्त्याच्या दोन्ही अंगांना माळ, बाभळी, मधेच एखादी डाळिंबाची बाग, आणि वळणावर पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहिलेली बाई. तिच्या तोंडी कानडी, दिंडीतल्या भजनात मराठी, आणि दोघांच्या मुखी एकच विठ्ठल. तहानलेल्या वारकऱ्याला तो तांब्या सहज मिळतो. पण जे पाणी ती देते, ते तिच्या घरी सहज आलेले नसते. पुष्कळदा ते टँकरचे असते, मोजून भरलेले असते. तरीही दिंडी दिसली की ती पहिला तांब्या दिंडीला देते.

या तांब्याचा इतिहास सांगावा असे पुष्कळ दिवस मनात होते. संकट आले की गाव मोडते, आणि काही गावे मोडून पुन्हा उभी राहतात. ती कशाच्या बळावर उभी राहतात? राजाच्या पैशावर, पावसाच्या कृपेवर, की आणखी कशावर? मोठमोठ्या शहरांच्या बाबतीत हा प्रश्न नेहमी विचारला जातो. पुणे जळाले आणि वसले, सांगली बुडाली आणि उठली, हे आपण सांगतो. पण ज्या मुलखात संकट एकदा येऊन जात नाही, दर काही वर्षांनी पाहुण्यासारखे येऊन ओसरीवर बसते, त्या मुलखाकडे हा प्रश्न घेऊन जावे. जत हा तसा मुलूख आहे. सव्वातीन लाखांवर माणसे, मैलोगणती पसरलेला माळ, आणि आभाळाकडे लागलेले डोळे.

आधी फार मागे जाऊ. दुर्गादेवीचा दुष्काळ हे नाव आपण ऐकले असेल. परंपरा सांगते की १३९६ च्या सुमारास सुरू झालेला तो दुष्काळ बारा वर्षे राहिला. गावेच्या गावे ओस पडली. कोणाची शीव कोठे हे सांगायला माणूस उरला नाही. माण, खटाव, महादेवाचे डोंगर हा भाग लुटारूंच्या हाती गेला. पाऊस परत आला, पण माणसे परतली नाहीत. हे ध्यानात घ्यावे, कारण आपण समजतो की पाऊस पडला म्हणजे दुष्काळ संपला. दुष्काळ संपतो तो माणसे घरी परततात तेव्हा.

बहामनी राज्याने १४२९ च्या सुमारास मलिक-उत्-तुज्जार या सरदाराला फौज देऊन या मुलखात धाडले, आणि त्याच्याबरोबर दादो नरसो काळे नावाचा जाणता कारभारी दिला. फौजेचे काम लुटारूंचा बंदोबस्त करण्याचे. दादो नरसोचे काम अधिक अवघड होते. त्याला माणसे परत आणायची होती. त्याने काय केले ते पहा. जुन्या शिवा सापडेनात, म्हणून दोन-दोन, तीन-तीन गावांची मिळून एक गाव केली. जो कसायला तयार होईल त्याला जमीन दिली. पहिल्या वर्षी सारा माफ. दुसऱ्या वर्षी बिघ्याला एक तोबरा धान्य, म्हणजे घोड्याच्या तोंडाला चंदीची जी पिशवी बांधतात तेवढे. बस्स.

माउली, या तोबऱ्याचा विचार करावा. ज्या राज्याला फौज पोसायची होती, त्याने एका बिघ्यामागे एवढेच धान्य मागितले. का? कारण परत आलेल्या माणसाच्या पाठीवर पहिल्याच वर्षी ओझे ठेवले तर तो पुन्हा निघून जाईल, हे त्या कारभाऱ्याला कळत होते. आज आपल्या गावाच्या ज्या सीमा आपण अनादि समजतो, त्यांपैकी काही या फेरवसाहतीत आखल्या गेल्या असतील. गावाचे नाव जुने राहिले, पण अंग नवे झाले.

पुढे पन्नासएक वर्षांच्या आतच दुसरा दुष्काळ आला, आणि त्याची कथा आपल्याला पाठ आहे. जतपासून दोन-तीन मुक्कामांवर मंगळवेढा. तेथे बहामनी राज्याचे अधिकारी दामाजीपंत. १४६० च्या आगेमागे दुष्काळ पडला, लोक अन्नाविना मरू लागले, आणि पंतांनी सरकारी अंबारखान्याची दारे उघडली. पेवे रिकामी झाली. बेदरच्या बादशहाकडे तक्रार गेली, पंतांना पकडून नेण्यात आले. आणि ते बेदरला पोहोचण्याआधीच विठू महार नावाचा कोणी एक माणूस दरबारात हजर झाला, धान्याचे सगळे मोल चुकते केले, पावती घेतली आणि निघून गेला. तो कोण होता हे आपल्याला सांगायला नको.

कीर्तनात ही कथा ऐकताना आपले डोळे भरून येतात ते विठू महाराच्या प्रवेशाला, आणि ते योग्यच आहे. पण इतिहासाच्या वाटेने जाणाऱ्याने या कथेत आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली ही की धान्य होते. दुष्काळात मंगळवेढ्याची पेवे भरलेली होती. म्हणजे माणसे मरत होती ती धान्य नव्हते म्हणून नव्हे. धान्य आणि भुकेला यांच्यामध्ये कुलूप होते म्हणून. दुसरी गोष्ट ही की कथेला हिशेबाची लाज वाटत नाही. देवाने चमत्कार करून पेवे पुन्हा भरली असती तरी कथा सुंदर झाली असती. पण परंपरेने तसे सांगितले नाही. देवाने पैसे मोजले आणि पावती घेतली. दया करावी, आणि तिचा खर्चही कोणीतरी उचलावा, असे ही कथा सांगते. आणि तो खर्च उचलायला देव आला तो गावकुसाबाहेरच्या माणसाच्या वेषात. त्याच मंगळवेढ्यात, त्याआधी सव्वाशे वर्षांच्या आसपास, गावकूस बांधताना भिंत कोसळून चोखोबा गेले. भिंतीखाली ज्याला आपण गाडले, त्याच्याच रूपात देव आपले कर्ज फेडायला आला. याहून मोठा उपदेश कोणी करावा?

मंगळवेढा त्यानंतर ज्वारीचे कोठार म्हणून नावाजला. आजही मंगळवेढ्याची मालदांडी म्हटली की जाणता गिऱ्हाईक थांबतो. ज्या गावाची ओळख कोठार रिकामे करण्याने झाली, तेच गाव कोठार म्हणून टिकले.

आता जत. या तालुक्यातले उमराणी गाव दोन कारणांनी लक्षात ठेवावे. बाराव्या शतकातली शरण दानम्मा ही उमराणीची लेक. तिचे मूळ नाव लिंगम्मा. तिचे दातृत्व पाहून बसवेश्वरांनी तिला दानम्मा म्हटले, असे परंपरा सांगते. जवळच गुड्डापूरला तिचे देऊळ आहे, आणि कार्तिकात तेथे दोन्ही राज्यांतून माणसे लोटतात. ज्या भूमीत पिकत नाही, तिने आपल्या देवीचे नाव दान ठेवले.

दुसरे कारण १६७३ चे. त्या एप्रिलात प्रतापराव गुजरांनी विजापूरच्या बहलोलखानाला उमराणीपाशी गाठले. मराठ्यांनी खानाच्या फौजेचा पाण्याचा रस्ता तोडला. चैत्र-वैशाखाचे ऊन, जतचा माळ, आणि पाणी दुसऱ्याच्या हाती. खान शरण आला. प्रतापरावांनी त्याला सोडून दिले, आणि शिवाजी महाराज त्यावर रुष्ट झाले, कारण सुटलेला खान पुन्हा येणार हे त्यांना दिसत होते. पुढची नेसरीची कथा सर्वांना ठाऊक आहे. मला येथे एवढेच सांगायचे आहे की या मुलखात पाणी ज्याच्या हाती, सत्ता त्याच्या हाती. हे तोफेपेक्षा जुने आणि तोफेपेक्षा टिकाऊ हत्यार आहे. ते शत्रूवर चालवले तर युद्धनीती होते. शेजाऱ्यावर चालवले तर काय होते, हे आपण पुढे पाहू.

त्याच काळात डफळापूरचे पाटील सटवाजीराव चव्हाण यांच्याकडे जतची देशमुखी आली, आणि डफळे घराण्याची जहागीर उभी राहिली. हे लहानसे संस्थान विजापूर, मराठे, मोगल, सातारकर छत्रपती आणि मग इंग्रज, अशा सगळ्यांच्या पडझडीतून टिकून राहिले. ८ मार्च १९४८ रोजी ते मुंबई राज्यात विलीन झाले. पुढे जत दक्षिण सातारा जिल्ह्यात आले, आणि १९६० मध्ये त्या जिल्ह्याचे नाव सांगली झाले. राजवाड्याभोवतीचे गाव तालुक्याचे गाव झाले. जेथे जहागिरीचे कागद लिहिले जात तेथे कचेऱ्या, बाजार, शाळा आल्या. राजे रामरावांच्या नावाने महाविद्यालय उभे राहिले. बाहेरून पाहणाऱ्याला जतचा कायापालट हाच वाटेल. पण जतचा खरा इतिहास राजांच्या यादीत सापडत नाही. तो दुष्काळांच्या यादीत सापडतो.

१८७६-७७, १८९६-९७, १८९९-१९००. या सालांनी दख्खनची हाडे मोडली. पहिल्या महादुष्काळानंतर इंग्रजांनी १८७८ मध्ये आयोग नेमला आणि मग दुष्काळाचे नियम लिहून काढले. काम काढावे, खडी फोडून घ्यावी, त्या बदल्यात जगण्यापुरती मजुरी द्यावी. यातून जीव वाचले हे खरे. पण ते नियम संशयाच्या शाईने लिहिलेले होते. मजुरी इतकी थोडी ठेवायची की खरा भुकेला असेल तोच येईल. अंबारखान्याचे दार उघडले, पण दारात शिपाई बसवला.

याच काळात जत तालुक्यातल्या उमदीला भाऊसाहेब महाराज होऊन गेले. १८४३ चा जन्म, १९१४ चे निर्याण. वर सांगितलेले तिन्ही दुष्काळ त्यांच्या हयातीतले. निंबरगीच्या परंपरेतला हा साधुपुरुष, आणि गुरुदेव रानडे त्यांचे शिष्य. ज्या रानड्यांनी संतांचे तत्त्वज्ञान इंग्रजी जाणणाऱ्या जगापुढे मांडले, त्यांना नाम मिळाले ते या कोरड्या माळावरच्या माणसाकडून. पाऊस दगा देतो म्हणून येथली माणसे देवाला सोडून गेली नाहीत. उलट, नेम कसा पाळावा हे त्यांना दुष्काळानेच शिकवले असावे. पीक येवो न येवो, पेरणी चुकवायची नाही. अनुभव येवो न येवो, नाम चुकवायचे नाही.

आता १९७२ कडे येतो, कारण तो दुष्काळ मी आजीच्या तोंडून ऐकला आहे. ती पाझर तलावाच्या कामावर मातीची पाटी वाहायला जात असे. सुकडी कशी वाटली, अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी कशी थापली तरी भाकरीला चिरा पडत, हे ती हसत हसत सांगे. एकदा मी तिला विचारले, त्या वेळी लाज वाटली नाही का? ती म्हणाली, "मागून खाल्लं असतं तर वाटली असती. तळं बांधून खाल्लं." तिचे हे वाक्य मला पुष्कळ ग्रंथ वाचल्यावर कळले.

१९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर एका वेळी ५० लाखांच्या आसपास माणसे होती. एवढ्या मोठ्या दुष्काळात पूर्वीसारखे मृत्यूचे थैमान झाले नाही. यामागे जे अनेकांचे हात होते त्यांत एक हात आपल्या सांगली जिल्ह्यातला होता. वि. स. पागे. वि. म्हणजे विठ्ठल. विधान परिषदेचे सभापती म्हणून ते अठरा वर्षे मुंबईत बसले, पण त्यांचे लक्ष तासगाव तालुक्यातल्या विसापूरच्या मजुराकडे होते. जो काम मागेल त्याला काम देता येईल का, याचा प्रयोग त्यांनी १९६५ मध्ये तेथे करून पाहिला. मुख्यमंत्री वसंतराव नाईकांनी तो विचार उचलला. दुष्काळाने त्याची कसोटी घेतली. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा मंजूर झाला, आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. २००५ साली देशाने जो कायदा केला, त्याचे मूळ येथे आहे.

इंग्रजांच्या खडीकामात आणि रोजगार हमीत फरक कोणता? हातातले फावडे तेच, माती तीच, ऊन तेच. फरक एका शब्दाचा आहे. आधी काम मिळे ते सरकारच्या मर्जीने. आता ते मागण्याचा माणसाला हक्क मिळाला. आणि खर्च? १९७५ पासून महाराष्ट्रात पगारदार, व्यापारी, व्यावसायिक यांच्यावर व्यवसाय कर बसला, आणि तो या हमीसाठी बसला. मुंबई-पुण्याच्या कचेरीतल्या कारकुनाच्या पगारातून दरमहा थोडे पैसे कापले जाऊ लागले, आणि त्यातून जतच्या माळावर बांध पडू लागले. त्या कारकुनाला जत कोठे आहे हे बहुधा ठाऊकही नव्हते.

माउली, येथे मला विठू महार दिसतो. दामाजीपंतांनी कोठार उघडले ते स्वतःचा जीव पणाला लावून. प्रत्येक दुष्काळाला एक दामाजी मिळेलच असे नाही. म्हणून या विठ्ठल सखारामांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी अशी व्यवस्था केली की कोठार उघडायला कोणा एकाला जीव पणाला लावावा लागू नये; आणि धान्याचे मोल चुकवणारा तो अनोळखी माणूस एकदाच येऊन न जाता दरमहा येत राहावा. या व्यवस्थेत पुढे गळती झाली, खोटी हजेरीपत्रके निघाली, मजुरी थकली, हे सगळे खरे आहे. पण कथेतले कारुण्य कायद्याच्या कागदावर उतरवण्याचा एवढा मोठा प्रयत्न आपल्याच मातीत झाला, याचा आपल्याला विसर पडू नये.

तरीही जतची तहान भागली नाही. कामे निघाली, तलाव झाले, पण तलाव भरायला पाऊस लागतो. मग माणसांनी आपापले मार्ग काढले. कोणी ऊसतोडीला गेले, कोणी मुंबई, इचलकरंजीला. धनगर बांधवांनी मेंढरे राखली. माडग्याळची बाकदार नाकाची मेंढी आज दूरदूरचे लोक शोधत येतात. यल्लम्माच्या यात्रेत खिलार जनावरांचा बाजार भरत राहिला. ज्यांना जमले त्यांनी कूपनलिका खोदून डाळिंब लावले, द्राक्षे लावली, बेदाणा केला. कोरडी हवा हा शाप होता, तो बेदाण्याला वर ठरला. ही हिकमत थोर आहे, आणि तिचे कौतुक व्हायला हवे. पण कूपनलिका दोनशे फुटांवरून पाचशेवर आणि तेथून आणखी खाली गेल्या. वरच्या शेतातल्या पंपाने खालच्या शेतातली विहीर आटली. उमराणीला प्रतापरावांनी शत्रूचे पाणी तोडले होते. येथे भावाने भावाचे तोडले, आणि दोघांनाही ते कळले नाही. डाळिंबावर तेल्या आला तेव्हा कर्ज काढून लावलेल्या बागा कुऱ्हाडीने तोडाव्या लागल्या. एकेकट्याने केलेली हिकमत एकेकट्यालाच बुडवते.

कृष्णेचे पाणी उचलून दुष्काळी भागाला द्यावे, यासाठी ताकारी, टेंभू, म्हैसाळ या योजना आखल्या गेल्या. त्या पुऱ्या व्हाव्यात म्हणून क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडींनी आटपाडीला तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरवली. ती वर्षानुवर्षे भरत राहिली. मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला पाणी उचलायचे आणि टप्प्याटप्प्याने वर चढवत जतला आणायचे. जतच्या काही भागात ते पोहोचायला दशके गेली. पूर्वेकडच्या गावांना ते मिळालेच नाही. २०१२ च्या दुष्काळात त्या बाजूच्या ४० च्या वर गावांनी सांगितले की पाणी मिळत नसेल तर आम्ही कर्नाटकात जातो. २०२२ च्या नोव्हेंबरात हा विषय पुन्हा उसळला, आणि दोन्ही राज्यांचे राजकारण तापले. कोणी त्यांना गद्दार म्हटले, कोणी त्यांचा कैवार घेतला. पण त्या गावांचे म्हणणे कोणत्या भाषेत होते? माझ्या मते ते तहानेच्या भाषेत होते. ज्या विठ्ठलाला आपण कानडा म्हणतो, त्याच्या पायाशी या गावांना भाषेचा प्रश्न कधी पडला नाही. त्यांना प्रश्न पडला तो कोरड्या घागरीचा. त्यानंतर वंचित ६५ गावांसाठी विस्तारित म्हैसाळ योजनेला वेग आला. सुमारे दोन हजार कोटींचे ते काम आहे. दार ठोठावल्याशिवाय कोठार उघडत नाही, हेही यातून दिसले.

आणखी एक प्रसंग सांगतो. ऑगस्ट २०१९. कृष्णेला महापूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ५७ फुटांवर गेले. पेठा बुडाल्या, गावे वेढली गेली, माणसे छपरांवर बसून राहिली. आणि त्याच दिवसांत, त्याच जिल्ह्यात, जतमध्ये टँकरने पाणी वाटले जात होते. एकाच जिल्ह्यात एक गाव पाण्याने मरते आणि दुसरे पाण्यावाचून, हे पाहून देवाला दोष द्यावा असे मनात आले. पण त्या आठवड्यात दुष्काळी भागातल्या गावांनी भाकरी थापल्या, चटणीच्या पुड्या बांधल्या, आणि टेम्पो भरून पूरग्रस्तांकडे धाडल्या. ज्यांच्या घरी प्यायला पाणी मोजून, त्यांनी ते पीठ मळायला वापरले. पुढे पुराचे वाहून जाणारे पाणी म्हैसाळमधून उचलून दुष्काळी भागातले तलाव भरण्याचा विचार पक्का होत गेला. एकाचे संकट दुसऱ्याचे जीवन व्हावे, अशी ही योजना. आपल्या भाषेत याला काला म्हणतात. सगळ्यांच्या शिदोऱ्या एकत्र केल्याशिवाय काला होत नाही.

आता शेवटची गोष्ट. पाणी येत आहे, आणखी येईल. तेव्हा जतची खरी परीक्षा सुरू होईल. ज्यांच्याकडे पाणी आधी आले, त्यांनी काय केले ते आपण पाहिले आहे. ऊस लावला, आणि कालव्याच्या शेपटाकडचे गाव कोरडे राहिले. दुष्काळ सोसलेला माणूस पाणी मिळताच दुष्काळ विसरतो, आणि दुसऱ्याचा दुष्काळ निर्माण करतो. याला उतारा आपल्याच जिल्ह्यात आहे. येरळेकाठच्या बलवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी बळीराजा धरण बांधले ते समन्यायी वाटपाच्या तत्त्वावर. पाण्यावरचा हक्क जमिनीच्या आकारावर ठरू नये, ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्यात वाटा असावा, आणि उसासारखे तहानलेले पीक त्यात नसावे. दादो नरसोच्या तोबऱ्यात, दामाजींच्या पेवात आणि पागेंच्या कायद्यात जे सूत्र आहे, तेच येथे पाण्याच्या वाटपात आले.

आपण वारकरी. बदलाची आपल्याला भीती नसावी. वारी स्वतः किती वेळा बदलली! तुकोबांच्या पुत्रांनी, नारायण महाराजांनी, पालखी सुरू केली. साताऱ्याकडच्या आरफळच्या हैबतबाबांनी माउलींच्या सोहळ्याला आजची शिस्त लावली. २०२० साली महामारीत पादुका एसटीच्या गाडीतून पंढरीला गेल्या, मोजक्या माणसांसह, आणि लाखो वारकऱ्यांनी घरीच बसून वारी केली. हत्ती-घोडे नसले, रिंगण नसले, तरी वारी चुकली नाही. रूप कितीही बदलले तरी चालते. नेम सुटला की सगळे सुटते. आणि दिंडी तरी काय आहे? रोज संध्याकाळी वसणारे आणि रोज पहाटे उठणारे एक गावच. त्या गावात पाण्याच्या टँकरपाशी कोणी जमिनीचा उतारा दाखवून दोन बादल्या जास्त घेत नाही. रांगेत जो उभा, त्याला त्याचा तांब्या. वर्षातले काही दिवस आपण असे गाव चालवून दाखवतो. उरलेले दिवस आपल्या कायमच्या गावात तसे वागणे का जमू नये?

म्हणून, माउली, या वर्षी आपल्या गावी एक काम करावे. आपला कालवा, तलाव, नळयोजना जेथे संपते त्या शेवटच्या घरापर्यंत पायी जाऊन यावे. तेथे पाणी पोहोचते का, किती दिवसांनी पोहोचते, हे त्या घरातल्या बाईला विचारावे. जे कळेल ते ग्रामसभेत बोलावे. आणि वारीच्या वाटेवर जतच्या माळावर कोणी तांब्या पुढे केला, तर पिऊन झाल्यावर तिला विचारावे, आई, तुझी घागर भरली का?

रामकृष्णहरी.